इस्त्रीचा रोध

सरांनी माझा तक्ता वर्गासमोर उंच धरला.

“इस्त्रीवर साडेचारशे वॉट कोरलेलं आहे. हे म्हणतात, ती नऊशे वीस खाते. सवलतीवर आलं की असंच व्हायचं.”

वर्ग हसला. मी मान खाली घातली.

दादरला विजेच्या कामाचा वर्ग होता. प्रयोग दोघांनी मिळून करायचा. एकाने मीटर वाचायचे, दुसऱ्याने लिहायचं, पाळीपाळीने. माझी वाचायची पाळी कधी आली नाही. जोडीदार गिरगावचा, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी म्हणाला, “तू लिही रे. तुझं अक्षर छान आहे.” मला तेव्हा बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते. पुढे दिसलं, माझा हात चुकून मीटरला लागला की तो रुमालाने पुसून घेतो. आम्ही धर्म बदलला त्याला वर्षही झालं नव्हतं. पण तो हात त्याला जुनाच दिसत होता. परळच्या मोर्चात मात्र याच मुलाने माझ्या खांद्यावर हात टाकून मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून घोषणा दिल्या होत्या.

त्या दिवशी दाब दोनशे तीस व्होल्ट होता. प्रवाह मोजणाऱ्या ॲमीटरच्या तबकडीवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. वरची दहापर्यंत, खालची पाचपर्यंत. तार पाचाच्या खुंटीला होती, म्हणजे खालची ओळ वाचायची. काटा दोनवर होता. जोडीदाराने वरची ओळ वाचली आणि म्हणाला, “चार अँपियर.”

मला दिसत होतं. दोनशे तिसाला दोनाने भागलं की रोध एकशे पंधरा ओहम. दोनाने गुणलं की शक्ती चारशे साठ वॉट. इस्त्रीवरच्या आकड्याच्या जवळ. सगळं डोक्यात तयार होतं.

मी ‘चार’ लिहिलं. रोध साडेसत्तावन्न. शक्ती नऊशे वीस. सुंदर अक्षरात.

सर बोलले तेव्हा जोडीदार खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी चाळीत बाबांना सगळं सांगितलं. बाबा मिलच्या रिंगखात्यात सूत कातायला होते. कापड विणायच्या साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आमच्या माणसांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि त्याच धोट्याला दुसऱ्यांचंही तोंड लागतं. बाबांना साचा चालवता येत होता. कुणी विचारलं नाही, तेही बोलले नाहीत.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तुला दिसत व्हतं?”

“हो.”

“मंग बोलला का न्हाईस?”

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तो प्रश्न त्यांनी मला एकट्याला विचारला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या प्रयोगाला मी आधी जाऊन मीटरसमोर उभा राहिलो. तारा मी जोडल्या. वही जोडीदाराकडे सरकवली.

“आज मी वाचतो. तू लिही.”

त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे. मी मीटरवरचा हात काढला नाही. शेवटी त्याने पेन उघडलं.

बाबा गेले त्याला आज महिना झाला. तो तक्ता माझ्याकडे आहे. त्यावरचा ‘चार’ माझ्याच हातचा आहे. मी तो खोडणार नाही, कुणाला दाखवायलाही लाजणार नाही. मात्र दुसऱ्याने वाचलेला आकडा या हाताने पुन्हा लिहिणार नाही.