बूट घालून स्वयंपाकघरात

माझं तोंड फरशीला टेकलं होतं आणि सांडलेली पेज गालापर्यंत आली होती. उठता येईना. लकव्यानंतर माझा डावा पाय असाच दगा द्यायचा. टाच वर, पाऊल आत, बोटं मुठीसारखी आवळलेली. ओट्यापाशी वळले आणि कोसळले. सून चिकूच्या वाडीत होती. ती येईपर्यंत तशीच पडून राहिले.

मुलगा म्हणाला, "आई, आता खाटेवरच बस."

"आधी वापीच्या डॉक्टरकडे ने. मग बसव."

डॉक्टर म्हणाले, पोटरीत बोटॉक्सची इंजेक्शनं देऊ. मुलाला हसू आलं. "हे तर नट्या तोंडाला घेतात."

"घेऊ देत. माझं तोंड आहे तसं चालेल. पाय चालत नाही."

डॉक्टर सरळ बोलले. इंजेक्शनने पोटरी सैल होईल, तीही साधारण तीन महिने. तेवढ्या काळात रोज पाय ताणायचा आणि चालताना पट्टा घालायचा. पट्टा म्हणजे बुटात बसणारा प्लॅस्टिकचा साचा.

आठ-दहा दिवसांत पोटरी सैल झाली, पण पाऊल सरळ पडेना. दीड महिन्याने व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला.

"आजी, हा नवाकोरा कसा?"

"उंबऱ्याच्या आत पायताण कोण घालतं?"

"मग दिवसभर तुम्ही असता कुठे?"

"घरात."

त्यांनी पट्टा माझ्या हातात ठेवला. मला आधी लाज वाटली, मग राग आला. तीन महिन्यांतला अर्धा काळ मी दारात काढून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी बूट घालून स्वयंपाकघरात गेले. जाऊ आली होती.

"अगं, घरात देव आहेत."

"ते बघतातच आहेत माझा पाय. तुला बघवत नसेल तर ओटीवर बस, चहा तिकडे पाठवते."

ती बसली नाही, गेली. सुनेने बुटाचा तळ घासून धुतला आणि म्हणाली, "हा घरातला. अंगणात न्यायचा नाही." मला चाललं. रोज सकाळी ती माझं पाऊल वर दाबायची. मी शिव्या द्यायचे, ती दाबत राहायची.

दुसऱ्या खेपेच्या इंजेक्शनांनंतर टाच टेकली. पाय अजून थोडा वाकडा पडतो. पोटरी आवळली की पुन्हा वापीला जाणार, कोणाला विचारणार नाही. पेज मीच करते. लकव्यातून वाचलेय मी, चौथी शिकलेली, पंचाहत्तर वर्षांची.