घरापायी पोर्तुगीज

चार खोल्यांचं घर बांधायचं तर चिरे, चुना, वासे, छपराचे नळे आणि पोर्तुगीज भाषा एवढ्या गोष्टी लागतात. पहिल्या चार कुठलाही गवंडी सांगेल. पाचवी मी सांगतो, कारण ती लागलेला मनुष्य आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच.

मी तेव्हा मालवणात कचेरीत कारकून होतो. वय छत्तीस, शिक्षण मॅट्रिक (दुसऱ्या खेपेला), बायको एक, मुलं तीन, खोल्या दोन. त्या दोन्ही खोल्या दाजी नावाच्या गृहस्थांच्या. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि नवीन जोडप्याला आमचीच जागा द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते तोंडानं काही बोलत नसत. फक्त रोज सकाळी येत आणि हाताच्या वितीनं भिंती मोजून जात. मी जेवायला बसलेला असलो तर मला ओलांडून मोजत!

गावाबाहेर सासऱ्यांनी दिलेली चार गुंठे जागा होती, पण त्यावर आजवर फक्त शेजाऱ्याची म्हैस राहिली होती. सरकारी नोकरांना घरासाठी कर्ज मिळत असे, म्हणून मी आमच्या शिरस्तेदारांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, नियम काढला आणि वाचून दाखवला. कर्ज फक्त वरच्या श्रेणीच्या कारकुनांना. वरची श्रेणी फक्त कॉलेजची पहिली परीक्षा झालेल्यांना.

"म्हणजे मी आता कॉलेजात जाऊ?"

"जायची गरज नाही. नोकरीत असलेल्यांना बाहेरून बसता येतं. नुसतं पास व्हायचं," शिरस्तेदार म्हणाले. 'नुसतं' हा शब्द त्यांनी फार सहज उच्चारला.

घरी येऊन मी सुमतीला सांगितलं. ती बांगडे साफ करत होती.

"मगे बसा," ती म्हणाली.

"अगो, पण माका आता अभ्यास झेपात?"

"नाय झेपलो तर तुमी दाजीक सांगा, आमी म्हशीवांगडा ऱ्हवतो म्हणान."

झालं! मी अर्ज भरायला बसलो. इतिहास, अर्थशास्त्र, मराठी, इंग्रजी इथपर्यंत ठीक होतं. पण आणखी एक भाषा घ्यायची होती. संस्कृतनं मला मॅट्रिकला एकदा आडवं केलं होतं, तेव्हा तिच्या वाटेला पुन्हा जाणं नको होतं. यादीत शेवटी पोर्तुगीज दिसली, आणि नेमक्या त्याच वेळी (माणसाचं नशीब असं वेळेवर येतं) दारातून मिंगेल आत आला.

मिंगेल फर्नांडिस आमचा शेजारी. साठीचा, गोल पोटाचा, तीस वर्षं बोटीवर काढून परत आलेला. त्याची आई गोव्याची. बोलता बोलता 'मेल्या'च्या जोडीला तो एखादा परका शब्द असा फेकायचा की ऐकणारा गप्पच व्हायचा.

"मिंगेलबाब, तुका पोर्तुगीज येता?"

"येता? अरे भाऊ, ती माका येता नाय, ती माझ्यातसून व्हाता! आमचो कप्तान पोर्तुगीज. मी त्येच्याशी तीस वर्षां बोललंय."

"माका शिकवशीत?"

"सहा म्हयन्यात तुका गव्हर्नर करून सोडतंय."

मी अर्जावर पोर्तुगीज लिहिलं, सही केली आणि पाकीट पोस्टात टाकलं. बोटीवर त्याचं काम काय होतं, हे विचारायचं मात्र राहून गेलं. तो स्वयंपाकी होता.

दुसऱ्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन ओटीवर बसलो. मिंगेल सरळ माझ्यावरून स्वयंपाकघरात गेला.

"भाशा बसान येणा नाय. ती काम करताना येता. सुमतीबाय, तवो खंय आसा?"

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराची शाळा झाली. मिंगेल चुलीपुढे उभा राहून हुकूम सोडायचा आणि मी धावायचो. 'सेबोला' म्हटलं की कांदा. 'साल' म्हणजे मीठ. 'पेश' म्हणजे मासा. 'फेशा आ पोर्ता' म्हणजे दार लाव. 'केंय रोबो उ शोरिसु' म्हणजे सॉसेज कोणी चोरलं? (हे वाक्य बोटीवर दिवसातून चार वेळा लागे, असं तो म्हणाला.) महिन्याभरात मी चोवीस मसाले, अकरा मासे आणि डुकराचे सगळे अवयव पोर्तुगीजमध्ये सांगू लागलो. 'मी', 'तू', 'काल', 'उद्या' यांतलं मात्र काही येईना, कारण फोडणीत ते पडत नाही.

सुमती चुलीपासून हद्दपार झाली. मिंगेल तिचं तेल सढळ हातानं ओतायचा आणि ती दारात उभी राहून बघायची.

"ह्यां तुमची परीक्षा आसा काय माझी?" तिनं मला एकदा विचारलं.

मुलं माझ्याहून लवकर शिकली. कोळणीशी घासाघीस ती पोर्तुगीजमध्ये करू लागली. आणि मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी दाजी भिंत मोजायला आत शिरले, तशी तिघंही एका सुरात ओरडली, "फेशा आ पोर्ता!"

दाजी थबकले. "काय म्हणतत ही?"

"स्वागत करतत, दाजी," मी म्हणालो. "पोर्तुगिजांत 'या, बसा'."

दाजी खूश झाले. इतके खूश की बाजारात भेटलेल्या प्रत्येकाचं त्यांनी तसंच स्वागत करायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी त्यांची मिंगेलशी गाठ पडली आणि मिंगेलनं त्यांना अर्थ सांगितला. संध्याकाळी दाजी आले. या वेळी त्यांनी भिंत मोजली नाही. तोंड उघडलं.

"वैशाख सरूच्या आत माझी जागा माका मोकळी व्हयी!"

तेव्हा माघ चालू होता. परीक्षा चैत्रात. आता पास होण्याखेरीज दुसरी वाटच नव्हती. सुमती त्या रात्री हसली नाही, रागावलीही नाही. नुसती म्हणाली, "पोरांका घेवन खंय जावचा आपण?" मी दिवा मोठा केला आणि अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं.

त्यातच मुंबईहून मागवलेलं पाठ्यपुस्तक आलं. मी ते मिंगेलपुढे ठेवलं. त्यानं पानं उलटली, चित्रं पाहिली, कागद बोटांनी चोळून बघितला आणि पुस्तक मिटलं.

"ह्या पुस्तकातला पोर्तुगीज चुकीचा आसा."

"चुकीचा?"

"मुंबयत छापल्यानी. छापणाऱ्याक भाशा येणा नाय."

"मिंगेलबाब, खरा सांग. तुका वाचूक येता?"

मिंगेलनं मान खाली घातली. "भाऊ, कप्तान माका कधी चिठी लिवन जेवण मागी नाय."

त्याच्यावर रागवावं असं फार वाटलं, पण तेवढ्या वेळात त्यानं माझ्यापुढे तळलेली मोरी मासळी ठेवली होती. मग मी शब्दकोश आणला आणि पहाटे उठून पाठ्यपुस्तकाचं एकेक वाक्य खडीसाखरेसारखं फोडू लागलो. लेखी परीक्षेपुरतं ते जमलं. तोंडीसाठी मिंगेलच्या शिदोरीवर भरवसा ठेवायचा, असं ठरवलं.

परीक्षा रत्नागिरीला. बोटीवर चढवायला सगळं घर बंदरावर आलं. सुमतीनं दहीभाताचा डबा दिला. मिंगेलनं मला बाजूला घेऊन गुरुमंत्र दिला. "भाऊ, समजला नाय तरी थांबा नको. बोलत ऱ्हव. थांबलेलो माणूस नापास जाता."

लेखी पेपर कसेबसे पार पडले. तोंडीच्या दिवशी कळलं की अख्ख्या केंद्रात पोर्तुगीजचा उमेदवार मी एकच. माझ्या एकट्यासाठी एक प्रोफेसर मुंबईहून बोटीनं आले होते. दाराशी शिपाई म्हणाला, "जरा सांभाळून हं. साहेबांना बोट लागलीय. काल उतरल्यापासून पेजसुद्धा पोटात ठरलेली नाही."

आत एक वृद्ध, सडपातळ गृहस्थ नाकाशी लिंबू धरून बसले होते. चेहरा कच्च्या कैरीच्या रंगाचा. त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "कोमु श्ता?"

हे मला येत होतं! "बेंय, ओब्रिगादु!" मी ठणकावून सांगितलं. (कसे आहात? बरा आहे, आभारी आहे!) ते जरासे हसले. मग त्यांनी एक लांबलचक वाक्य उच्चारलं. त्यातला 'फामीलिया' एवढाच शब्द मला उमगला. कुटुंबाबद्दल सांगा, असं असावं. कुटुंबाबद्दल मला सांगण्यासारखं खूप होतं, पण शब्द होते ते फक्त चुलीवरचे. गुरुमंत्र आठवून मी तोंड उघडलं.

"माझी बायको मासे तळते," मी पोर्तुगीजमध्ये म्हणालो.

प्रोफेसरांनी लिंबू नाकाच्या जवळ नेलं.

"तेलात तळते. पुष्कळ तेलात. पुष्कळ, पुष्कळ तेलात!"

"बाश्ता," ते पुटपुटले.

हा शब्द मला नवा होता. (त्याचा अर्थ 'पुरे', हे मला नंतर कळलं. तीस वर्षांत मिंगेलच्या भटारखान्यात तो शब्द कोणी उच्चारलाच नव्हता.) मला वाटलं, शाबासकी देतायत. माझा हुरूप वाढला.

"मी डुकराची चरबी वितळवतो! मग कांदा! मग आतडी! आतडी धुतो, भरतो..."

"बाश्ता! बाश्ता!"

"ओब्रिगादु!" मी वाकून म्हणालो आणि काळजाकडे वळलो. काळीज, जीभ, शेपूट करत मी माशाच्या डोक्याच्या कालवणापर्यंत पोहोचलो, तेव्हा प्रोफेसर ताडकन उठले, खिडकीशी गेले आणि बराच वेळ बाहेर वाकून उभे राहिले. मी शिष्टाचार म्हणून उभा राहिलो आणि बोलायचं थांबवायला नको म्हणून त्यांच्या पाठीला विचारलं, "सॉसेज कोणी चोरलं?"

ते परत आले ते पाणी पिऊन, रुमालानं तोंड पुसत. खुर्चीत बसले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "आपण नोकरी कुठे करता?"

"कचेरीत कारकून आहे, साहेब."

"मला वाटलं, खानावळीत."

मग मी सगळं सांगून टाकलं. दाजी, विती, म्हैस, वैशाख, कर्ज, शिरस्तेदार आणि मिंगेलसुद्धा. प्रोफेसर ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "नापास झालात तर पुन्हा बसाल?"

"बसावंच लागेल, साहेब. सहा महिन्यांनी. घर तर हवंच."

"आणि पोर्तुगीजच घ्याल?"

"दुसरं काही येत नाही."

प्रोफेसरांनी खिडकीतून दूर समुद्राकडे पाहिलं. तिथे त्यांची परतीची बोट डुलत होती. त्यांनी डोळे मिटले, आणखी एकदा अशीच बोट, असाच मी, हे बहुधा मनासमोर आणलं आणि तक्त्यावर गुण लिहिले.

मी पास झालो! पोर्तुगीजमध्ये तर पहिला. (एकटाच होतो, पण निकालपत्रात तसं लिहीत नाहीत.) श्रेणी मिळाली, कर्ज मंजूर झालं. दाजींना मी निकालपत्रच दाखवलं आणि त्यांनी, शिव्या देत का होईना, दिवाळीपर्यंत कळ काढली. चिरे आले, भिंती चढल्या, नळे बसले. सुमतीनं चूल स्वतः मांडली आणि तिच्या दोन हात अलीकडे खडूनं रेघ मारून मिंगेलला सांगितलं, "ह्येच्या पलीकडे पाय घालूचो नाय." गृहप्रवेशाच्या पंगतीला दाजीही आले. सवयीनं त्यांनी नव्या भिंतीला वीत लावली आणि "बऱ्यापैकी आसा" म्हणाले. रस्त्याकडच्या खोलीत मी माझी आरामखुर्ची टाकली आणि तिच्यात बसून सुमतीनं केलेला चहा प्यायलो. तसा चहा मी आयुष्यात प्यायलो नव्हतो.

पुढे वर्षभरात गोवा मुक्त झाला. सगळ्यांसारखे आम्हीही पेढे वाटले. थोड्याच दिवसांत शिरस्तेदारांनी मला बोलावलं.

"अभिनंदन! गोव्यातलं जुनं दप्तर लावायला माणसं हवीत. कचेरीचं सगळं रेकॉर्ड चाळलं. पोर्तुगीज पास झालेला मनुष्य एकच!"

"साहेब, मला पोर्तुगीज येत नाही!"

शिरस्तेदारांनी चष्मा पुसला. "येत नाही? मग निकालपत्र कसलं? निकालपत्र खोटं तर श्रेणी खोटी. श्रेणी खोटी तर कर्ज..."

"कधी निघू?" मी म्हणालो.

तर मी पणजीला एका खोलीत भाड्यानं राहू लागलो. काम जमलं की नाही, ते गोव्याच्या दप्तरालाच विचारा. पहिली सुट्टी मिळाली ती दोन महिन्यांनी. एसटीतून उतरून मी धावतच घर गाठलं. दारात एक अनोळखी तरुण माझ्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसला होता.

"कोण हवंय?" त्यानं अदबीनं विचारलं.

"आपण कोण?"

"मी इथल्या हायस्कुलात नवीन शिक्षक. ही पुढची खोली रिकामी होती, ती बाईंनी मला भाड्यानं दिलीय. आपण?"

"मी या घराचा मालक."

"नाही हो," तो हसून म्हणाला, "मालकीण इथल्या सुमतीबाई. त्यांचे मिस्टर कुठे परदेशी भाषेचे मोठे विद्वान आहेत म्हणे, ते गोव्याला असतात. तुम्हाला त्यांनाच भेटायचं असेल तर पणजीला जावं लागेल."

खोली आता त्याची, खुर्चीही त्याचीच. मग त्यालाच पणजीची एसटी किती वाजता असते ते विचारलं.