अमेरिकन आईचं काम

चार जुने नाटकवाले चहाला जमले की किस्से निघतातच. आमच्या गिरगावातल्या हौशी मंडळीचे तर पोतंभर साठलेत. मी प्रॉम्प्टर, विंगेतून सगळं पाहिलेला माणूस. हल्ली ते सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

*

आमचे दिग्दर्शक देसाई सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. अमेरिकन नाटकातली खंबीर आई हा त्यांचा खास विषय! तालमीआधी तासभर तुलना चालायची.

"एका नाटकातली आई मुलाला पदराला बांधून ठेवते. दुसऱ्यातली स्वतः त्याला घराबाहेर पाठवते. खंबीर कोण?"

आम्ही सात पुरुष तावातावाने भांडायचो. खोलीत खरी आई एकच, परळहून येणाऱ्या आमच्या नटी हिराबाई. त्यांना कुणी विचारलं नाही.

*

नटी बाहेरची का? सरांच्या बायकोचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. मी म्हटलं, "सर, वहिनींनाच घ्या की!"

सर इकडेतिकडे बघत म्हणाले, "हळू बोल रे. आमच्या आईला चालायचं नाही!"

*

आम्ही मराठीत बसवलेल्या अमेरिकन नाटकातली आई व्हिस्की पिते आणि मुंबईत तेव्हा दारूबंदी! सरांनी व्हिस्कीचं खोकल्याचं औषध केलं. तीन अंकांत हिराबाई अकरा वेळा औषध घ्यायच्या. लालबागच्या प्रयोगाला मागून आवाज आला, "बाई, डॉक्टर बदला!"

*

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. हिराबाईंचा एकुलता एक मधू गिरणीतून सुटला की थेट मोर्च्याला. एके दिवशी तालमीत त्यांनी हात जोडले.

"सर, माझ्या मधूला नाटकात घ्या ओ. भालदार म्हणून नुसता उभा करा. इथं असला म्हणजे तिकडं जायचा नाय."

"बाई, अमेरिकन घरात भालदार?" सर म्हणाले. आम्ही खो खो हसलो. मीसुद्धा.

"मग पोस्टमन करा."

सर गंभीर झाले. "तुम्ही त्या पदराला बांधणाऱ्या आईसारखं करताय. जाऊ द्या त्याला. खंबीर व्हा!"

पुढे फोर्टात मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात मधू गेला. सर परळला भेटायला गेले नाहीत. म्हणाले, "अशा वेळी काय बोलायचं, मला सुचत नाही." इतकी भाषणं ठोकणाऱ्या माणसाला!

*

दोन महिन्यांनी नाट्यस्पर्धा होती. हिराबाई आल्या. ओळन् ओळ पाठ. शेवटच्या प्रवेशात मुलगा बॅग घेऊन निघतो आणि आई म्हणते, "जा बाळ, मी अडवणार नाही."

बाई बोलेनात. मी विंगेतून वाक्य दिलं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सेटच्या दाराला कडी घातली आणि पाठ टेकून खाली बसल्या. मुलाचं काम करणारा नट बॅग धरून तसाच उभा. शेवटी मीच पडदा पाडायला सांगितला.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं! परीक्षकांनी शेवटाचं फार कौतुक केलं.

सर माइकपाशी गेले. म्हणाले, "मूळ नाटकात शेवट वेगळा आहे. हा बदल मी मुद्दाम केला."

आम्ही टाळ्या वाजवल्या. शेजारी हिराबाईही वाजवत होत्या.