घोडनदीचे मासे आणि साहेबाची पांढरी वाइन

मोहाची वाळकी फुलं भिजत घातल्याचा आंबूस वास आला की माझं डोकं आजही फिरतं. मी तेव्हा घोडेगावाबाहेर तंबू ठोकलेल्या गोऱ्या साहेबाचा स्वयंपाकी होतो. एके दिवशी सकाळी, घरी दारू गाळायला सरकारची बंदी म्हणून, आबकारी खात्याच्या शिपायांनी डिंभ्याच्या आमच्या घरात शिरून मोहाच्या दारूचं मडकं फोडलं होतं. नव्या तांदळाचा पहिला भात शिजला की त्या दारूची धार आधी पितरांच्या नावानं जमिनीवर सोडायची, मग आपण घोट घ्यायचा, ही आमची रीत. त्याच संध्याकाळी बाप साहेबासाठी नदीतले मासे घेऊन आला. मिरची-मसाल्यानं वाइनची चव मरते म्हणून साहेबानं मला ते नुसत्या मिठावर भाजायला लावले. साहेब जेवायला बोलावलेल्या मामलेदाराला इंग्रजीत सांगत होता, "माशाबरोबर पांढरीच हवी. ही फ्रान्सातल्या नदीकाठच्या डोंगरउतारावरची. तिथले लोक बापजाद्यांपासून घरीच करतात, तिथल्या मातीची चव हिच्यात उतरते." मामलेदारानं मोठ्या हौसेनं ते दाराशी उभ्या बापाला मराठीत ऐकवलं. बाप म्हणाला, "मंग रावसाहेब, सायबाला इचारा, आमी बी बापजाद्यापासनं घरीच करतो, आमच्या दारूला बी ह्याच डोंगराची चव व्हती. मंग आमचं मडकं का फोडलं?" मामलेदार हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "म्हातारा हुजुरांचे आभार मानतोय." कामापुरतं इंग्रजी मला येत होतं. आता साहेब गेला, त्याचं राज्यही गेलं. त्याच्यापर्यंत तर बापाचं बोलणं पोचलंच नव्हतं. मामलेदाराला मात्र शब्द न् शब्द कळला होता.