महाराजाची पाठ आणि अध्यक्षांचं पातेलं

मी सूड घेतला आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी विरघळेन या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

मी नांदेडची. शिखांच्या दहाव्या गुरूंनी गोदावरीकाठी जिथं देह ठेवला, त्या गावची. आमच्या वर्गात पगडीवाली मुलं होती आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा तिखट होतं; शिव्या तर मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढे एम.ए.ला सगळे पेशवाईच्या मागे लागले, तेव्हा मी इंग्रज येण्यापूर्वीचे शीख हा विषय घेतला. मग गावातल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवला. पगार नावालाच, पण जिन्यात पोरं बाजूला सरकून ‘मॅडम’ म्हणायची. तो एक शब्द नवऱ्याच्या नोकरीपायी मागे टाकून मी नेदरलँड्सला आले.

इथं बाडहूव्हडॉर्पला डोक्यावरून सारखी विमानं जातात आणि खाली मी कुणाची तरी बायको असते. व्हिसावर तसंच लिहिलं होतं. शाळेच्या फाटकाशी मी मुलीची आई, आणि महाराष्ट्र मंडळात वहिनी. मंडळाचे अध्यक्ष तर यच्चयावत बायकांना वहिनीच म्हणतात. हे गृहस्थ आर्नहेमच्या एका वीज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. माईक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे जातो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचाच फोन आला. युट्रेख्टच्या गुरुद्वारातल्या मंडळींबरोबर एक एकत्र कार्यक्रम करायचा होता, व्याख्यान आणि जेवण. “वहिनी, तुमचा विषय आहे म्हणे हा. तुम्हीच बोला ना!” मी हो म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात नाचले. खरंच नाचले. मुलगी इंग्रजीत म्हणाली, आई, आर यू ओके?

सगळा हिवाळा मी त्या व्याख्यानावर घातला. आमच्या नांदेडच्या आश्रमातून दहाव्या गुरूंची आज्ञा घेऊन निघालेल्या एका बैराग्यावर लिहिलं. मूठभर माणसं घेऊन तो पंजाबात गेला, आणि गुरूंची कोवळी मुलं ज्यानं भिंतीत चिणली त्या सरहिंदच्या सुभेदाराला त्यानं धुळीत मिळवलं. सूड म्हणजे काय ते मी त्याच्याकडून शिकले. पण त्याची मला सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच. जमीनदारांच्या जमिनी त्यानं कसणाऱ्यांना दिल्या, नाणीही पाडली, आणि त्या नाण्यांवर स्वतःचं नाव घातलं नाही. गुरूंचं घातलं.

त्यानंतर सरदारांच्या मिसली, म्हणजे आपापल्या मुलखाची स्वतंत्र घोडदळं. वर्षभर एकमेकांच्या उरावर बसणारी ही माणसं बैसाखीला आणि दिवाळीला अमृतसरला यायची, भांडणं दाराबाहेर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून केलेला ठराव निमूट पाळायची. हे लिहिताना माझी बोटं थांबत नव्हती. कितीतरी दिवसांनी मी पुन्हा मी झाले होते.

कार्यक्रमाला पंधरवडा उरला असताना अध्यक्षांचा दुसरा फोन. “वहिनी, पाहुणे मोठे आहेत, विषय नाजूक आहे. भाषण मी करतो. तुम्ही स्लाइड्स पाठवून द्या आणि तुम्ही मसालेभाताचं बघा. तुमच्या हातचा भात म्हणजे काय, वा!” संध्याकाळी ग्रुपवर पोस्टर आलं. ‘संशोधक आणि वक्ते’ असं लिहून खाली त्यांचा फोटो, कुर्ता-जाकिटातला, हनुवटीवर बोट टेकलेला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, “जाऊ दे ना, चार मराठी माणसं आहेत इथं, कशाला वाकडं घ्यायचं?” मी म्हटलं, तुझं प्रेझेंटेशन उद्या दुसऱ्यानं स्वतःच्या नावावर खपवलं तर? तो म्हणाला, “ते ऑफिस आहे.” त्याच्या बाबतीत ते ऑफिस असतं, माझ्या बाबतीत ते जाऊ दे असतं.

पहिल्यांदा वाटलं, स्लाइड्समध्ये ढळढळीत चुका पेरून ठेवाव्यात. गुरूंचा क्रम उलटापालटा करावा आणि पंजाबी म्हाताऱ्यांपुढे अध्यक्षांची फजिती बघत बसावं. लॅपटॉप उघडला, पण हात चालेना. त्यात खोटं घालणं म्हणजे माझ्या वर्गातल्या त्या पोरांच्या तोंडावर थुंकणं होतं. मग सुचलं. चूक कशाला घालायची? एक खरी गोष्ट जास्तीची घालायची.

लाहोरच्या महाराजाची ती गोष्ट. सगळा पंजाब ज्याच्या मुठीत, त्या महाराजानं एका नर्तकीपायी मर्यादा मोडली म्हणून अमृतसरच्या तख्ताच्या, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाच्या, जथेदारानं, तिथल्या प्रमुखानं, त्याला बोलावून घेतलं. महाराजा आला. सगळ्या संगतीसमोर, म्हणजे जमलेल्या लोकांसमोर, त्यानं गुन्हा कबूल केला. चिंचेच्या झाडाला त्याला बांधायचं आणि चाबकाचे फटके मारायचे असं ठरलं, आणि त्यानं अंगरखा काढून उघडी पाठ पुढे केली, असं सांगतात. मी ती गोष्ट अशी लिहिली की माईकच्या भुकेल्या माणसाला ती गाळता येऊच नये. शेवटी ठळक अक्षरात घातलं: राजासुद्धा संगतीपुढे उभा राहतो. स्लाइड्स पाठवल्या आणि खाली हात जोडल्याची चित्रंही टाकली. मग शीळ घालत तांदूळ आणायला गेले.

कार्यक्रम युट्रेख्टच्या नगरपालिकेच्या हॉलमध्ये होता. सकाळी गडबडीत भात पातेल्याच्या बुडाला लागला, करपट वास सुटला आणि मला रडूच आलं. वरचा भात चांगला निघाला म्हणून निभावलं. मग साडी नीट केली आणि जाऊन पहिल्या रांगेत बसले.

अध्यक्ष हिंदीत बोलले, आणि छान बोलले, कबूल करते. मधेच पदरचं अटकेपार झेंडा लावणं घुसडलंच, त्याशिवाय मराठी माणसाचं पंजाबवरचं भाषण पुरं कसं व्हायचं! पुढचे सरदारजी सोसून घेतल्यासारखे हसले. मग चिंचेचं झाड आलं. अध्यक्षांनी आवाज खाली आणला, पाठ वाकवून दाखवली, हॉलमध्ये बायका डोळे पुसायला लागल्या. “मेरे संशोधन में यही निकला,” ते म्हणाले, “राजा भी संगत के सामने खड़ा होता है।” टाळ्यांनी हॉल दणाणला.

टाळ्या थांबल्यावर मी उठले. मीही हिंदीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. “अध्यक्षजी, हे भाषण मी लिहिलं आहे. अटक सोडून सगळं. संगत बसलेली आहे. आत्ता तुम्हीच सांगितलंत राजा काय करतो ते. करा.”

“वहिनी चेष्टा करतायत,” म्हणत अध्यक्ष हसले. कुणी हसलं नाही. नवरा स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. “म्हणजे मदत केली त्यांनी,” अध्यक्ष म्हणाले, “टीमवर्क होतं.”

गुरुद्वाराचे एक वयोवृद्ध सेवेकरी समोरच बसले होते, पांढरी दाढी पोटापर्यंत आलेली. सगळे त्यांना बाबाजी म्हणत. ते शांतपणे म्हणाले, “बेटा, महाराजा ने टीमवर्क नहीं कहा था।”

बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. अध्यक्षांच्या जाकिटाची बटणं एकदम घट्ट झाल्यासारखी दिसायला लागली. त्यांनी माईक खाली घेतला आणि म्हणाले, “हां। इन्होंने लिखा है। पूरा।”

हेच ऐकायचं होतं मला, सगळ्यांसमोर, नाकावर टिच्चून. पण लगेच बाबाजी माझ्याकडे वळले, सगळा हॉल माझ्याकडे वळला, आणि माझ्या लक्षात आलं की मी खणलेल्या खड्ड्यात मीही उभी आहे. कारण ती गोष्ट चाबकापाशी संपत नाही. उघडी पाठ बघून संगतीला दया येते आणि ती राजाला माफ करते. ते मी लिहिलं होतं. रागाच्या भरात मी फक्त पाठच बघितली होती.

“बेटी,” बाबाजी म्हणाले, “उसने मान लिया। अब माफी दोगी, या तनखा?” तनखा म्हणजे संगतीनं सांगितलेलं प्रायश्चित्त. लोकांचे जोडे पुसायचे, भांडी घासायची, असलं काही.

भली बाई असते तर माफी म्हणाले असते. अध्यक्षांची बायको माझ्याकडे आशेनं बघत होती. मी पोस्टरवरचं ते हनुवटीवरचं बोट आठवलं.

“दोनों,” मी म्हटलं. “पहले तनखा।”

बाबाजी दाढीतल्या दाढीत हसले. आधी सगळे जेवले, अगदी अध्यक्षसुद्धा, पंगतीत खाली बसून. भाताचं कौतुक झालं. मग संशोधक आणि वक्ते जाकीट काढून, रेशमी कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत चढवून हॉलच्या स्वयंपाकघरात उभे राहिले आणि त्यांच्यापुढे मी सकाळचं ते करपलेलं पातेलं ठेवलं. सकाळी ज्याच्यासाठी रडले होते, तेच आता पेढ्यासारखं गोड वाटत होतं.

मी स्टूल घेऊन शेजारी बसले. पंजाबी बायका चहाचे कप आणून ठेवत होत्या, येता-जाता मला विचारत होत्या, मिसलींवर पुढच्या महिन्यात आमच्याकडे बोलाल का म्हणून. मी हो म्हणत होते, जरा मोठ्यानं. अध्यक्ष मान खाली घालून घासत होते. फेस कुर्त्यावर उडत होता.

“वहिनी, ती तारेची घासणी...” ते म्हणाले. मी ऐकलंच नाही. चहा प्यायले.

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे वळले. “मॅडम,” ते म्हणाले, “घासणी देता का?”

मी दिली. त्यांनी पुन्हा जोर लावला, पातेलं विसळलं, पुसलं आणि तिरपं करून माझ्यापुढे धरलं. “झालं का, मॅडम?”

मी आत वाकून बघितलं. पातेलं लख्ख होतं, माझा चेहरा दिसत होता त्यात.

“पुन्हा घासा,” मी म्हटलं.