भोसरीचा गुरुवार

आमच्या मॉडेलमध्ये भोसरीचं नुकसान शून्य आलं, आणि ते माझ्यामुळे आलं.

मी तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. तापमान वाढत गेलं तर कुठल्या औद्योगिक भागात किती उत्पादन बुडेल आणि ते केवढ्याला पडेल, याचा अंदाज संगणकावर बांधणं हे आमच्या गटाचं काम. या वेळी त्या अंदाजावर एक निधी वाटला जाणार होता. जिथे नुकसान जास्त, तिथल्या लहान कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन परतवणारा पांढरा लेप मिळणार होता. माझा थोरला भाऊ भोसरीत अशाच एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस मशीनवर आहे. आम्ही लातूरकडचे, ऊन आम्हाला नवं नाही. पण मे महिन्याच्या दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहणं वेगळं. गेल्या उन्हाळ्यात तो मशीनजवळच चक्कर येऊन पडला. म्हणून मी त्याला आधीच सांगून बसलो होतो, दादा, तुमच्या पत्र्याचं यंदा काहीतरी होतंय.

पहिल्या फेरीत नकाशावर भोसरी लालभडक होती. मग बैठकीत आमच्या मॅडमनी सहज विचारलं, की बुडालेले तास तिथले कामगार नंतर भरून काढतात का. त्या खोलीत भोसरीत कुणी नातेवाईक असलेला मी एकटाच. आपल्याला काही माहीत आहे, याचाच मला आनंद झाला. मी सांगितलं, की उन्हामुळे दुपारी काम थांबलं तर ते तास गुरुवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, येऊन भरून द्यायची रीतच आहे. किती भरून निघतात, असं त्यांनी विचारलं.

"सगळेच," मी म्हणालो. "आमची माणसं काम बुडवत नाहीत."

हे मी अभिमानाने म्हणालो. खरं तर मी त्या सगळ्या शेडमधल्या एकाच माणसाला ओळखतो. पण माझं वाक्य आकडा होऊन मॉडेलमध्ये बसलं. दुसऱ्या फेरीत भोसरी फिकट पिवळी झाली आणि निधीतून बाहेर गेली.

नंतर मी बरेच दिवस भांडलो. माझा अंदाज चुकला असेल, असं म्हटलं तर पुरावा मागितला गेला. 'सगळेच' म्हणालो तेव्हा कोणी मागितला नव्हता. मॅडम वाईट नाहीत. त्या दर वेळी शांतपणे ऐकून घ्यायच्या, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

"अहो, माल तर निघतो ना? आपण मालाचं नुकसान मोजतोय," मॅडम म्हणाल्या.

गुरुवार त्या माणसाचा स्वतःचा असतो, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मान्य. गुरुवारची किंमत काढून द्या, आजच घालते.

किंमत काढत बसलो. मजुरी धरावी, तर भरपाईच्या तासांना वेगळी मजुरी मिळतच नाही. शेवटी दादालाच फोन करून विचारलं, गुरुवारी तू काय करतोस.

"कामावर असतो की."

"आधीचं विचारतोय. सुट्टी असायची तेव्हा."

"झोपायचो. का, तुझ्या कॉम्प्युटरला सांगायचंय का?"

तो हसला. मला हसता आलं नाही. आमच्या मॉडेलमध्ये झोपेला जागाच नव्हती, आणि असती तरी तिथे मी काय लिहिणार होतो? अहवाल गेला. त्यावर माझंही नाव आहे.

परवा दुपारी दादाचा शेडमधूनच फोन आला. गुरुवार होता.

"पत्र्याचं काय झालं रे?"

"तुमची शेड त्यात बसली नाही."

"का?"

"तुम्ही काम बुडवत नाही म्हणून."

मागे प्रेसचे ठोके चालू होते. मग शेजारच्या मशीनवाल्याला त्याने मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, "ऐकलं का भाऊ, आपल्या शेडचं काम एक नंबर धरलंय त्यांनी."

मालकाच्याही कानावर घालतो, असं तो मला म्हणाला. त्याचा आवाज खुललेला होता. मी नको म्हणालो नाही. फक्त पाणी पीत जा, एवढं सांगून फोन ठेवला.