दत्ताची बाजू

दत्ता गेल्याची बातमी मला पाळी गावच्या विनायककडून कळावी, हे मला अजून पचलेलं नाही. महिना उलटून गेला तरी नाही. त्या सकाळी मी पेडण्याला आमच्या दारात पोदेराकडून पाव घेत होतो. फोन वाजला आणि पलीकडून तो खर्जातला आवाज आला, "वासूबाब, आमचो दत्ता गेलो." आमचो! मी आधी चिडलो आणि मग रडलो, हे खरं सांगतो. झालं होतं असं की पहाटे दत्ताच्या छातीत कळ आली, तेव्हा घाबरलेल्या सुमनवहिनींनी त्याच्या फोनवर जो नंबर सगळ्यात वर होता तो दाबला. तो विनायकचा होता. ऐन पंचविशीत आम्ही दोघं एका खोलीत राहिलेले, एका डब्यातलं जेवलेले, आणि सगळ्यात वर हा चार-पाच वर्षांच्या ओळखीचा माणूस! गेलेल्या मित्रावर लिहायला बसून असलं काय लिहितोस, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. गोडगोड लिहिलं असतं तर दत्तानेच ते वाचून नाक मुरडलं असतं.

तो कारापूरचा, मी पेडण्याचा. गाठ पडली ती आखातात, एका गोऱ्या साहेबांच्या क्लबात. मी स्वयंपाकघरात, तो भांड्यांवर. क्लबाच्या मैदानावर रग्बी चालायची. हा खेळ आमच्यापैकी कोणी जन्मात पाहिला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला मैदानाची एक बाजू दिसायची, मोरीच्या झरोक्यातून त्याला दुसरी. आख्खा सामना दोघांपैकी एकालाही कधी दिसला नाही. चेंडू हातात घेऊन पुढे धावणारा माणूस तो मागेच का फेकतो, हे मला कळायचं नाही. वाटायचं, बिचारे हरायला लागलेत. दोन्हीकडचे आडदांड गडी एकमेकांत डोकी खुपसून ढकलाढकली करतात, त्याला स्क्रम म्हणतात. दत्ताने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा धावत येऊन म्हणाला, "अरे, कोणाची तरी अंगठी हरवली, सगळे शोधतत!" कामावरून सुटल्यावर परतीच्या गाडीत आम्ही दोन तुकडे जोडून सामना पुरा करायचो. माझ्या अर्ध्यात काय घडलं ते मी सांगायचं, त्याच्या अर्ध्यात काय घडलं ते त्याने. त्याचा अर्धा मी पाहिलेला नसायचा, म्हणून तो म्हणेल ते खरं. तो म्हणाला पंच चुकला, तर पंच चुकला. त्याला 'होय' म्हणायची सवय मला तिथे लागली, ती कायमची.

गावी परतल्यावर शुक्रवारी भेटायचं ठरलं. म्हापशाचा बाजार, मी पेडण्याच्या बसने, तो डिचोलीच्या. आधी मिरच्या, सुकी मासळी, बायकांनी सांगितलेलं काहीबाही घ्यायचं, मग स्टँडजवळच्या हॉटेलात पातळभाजी आणि पाव. पोरांनी फोन घेऊन दिल्यापासून त्या फोनवर सामने. सगळं म्हापसा क्रिकेट नाहीतर फुटबॉल बोलत असायचं आणि आम्ही दोन म्हातारे रग्बी. हॉटेलवाला आम्हाला वेडे समजायचा. दत्ता बोलायचा, मी मान डोलवायचो. यापेक्षा मोठं सुख काय असतं, असं मला वाटायचं... त्याला काय वाटायचं, हे विचारायचं माझ्या कधी मनात आलं नाही.

आणि मग हा विनायक उपटला. खाणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, मुलगी न्यूझीलंडला दिलेली. तिच्याकडे काही महिने राहून आला आणि खेळ शिकून आला! साखळीच्या बाजारात दत्ताच्या अंगात क्लबाचा जुना विटका टीशर्ट दिसला, त्यावरून याने ओळख काढली. पहिल्याच दिवशी दोघं भांडले म्हणे, तेही भर बाजारात, नारळाच्या ढिगाशेजारी. कारण खेळाचे नियम बदलायचं चाललं होतं. स्क्रममध्ये फार वेळ जातो, तो कमी करा. टॅकल करताना, म्हणजे पळत्या गड्याला धरून पाडताना, डोक्याला मार लागतो, अजून खालून धरायला लावा. आणि सगळ्यात तापलेला मुद्दा लाल कार्डाचा. लाल कार्ड मिळालं की गडी बाहेर, त्याचा संघ उरलेला सगळा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळणार, हा जुना नियम. नवं म्हणणं असं की वीस मिनिटं शिक्षा भोगली की बदली गडी येऊ द्यावा. जगभरातले शौकीन यावर फोनवर एकमेकांच्या झिंज्या उपटत होते. विनायक प्रत्येक बदलाच्या बाजूने, दत्ता प्रत्येक बदलाच्या विरुद्ध. दर शनिवारी पाळीला विनायकच्या बलकांवावर, म्हणजे पुढच्या ओसरीच्या बाकांवर, मोठा टीव्ही लावून बैठक बसायला लागली. शुक्रवारी दत्ता मला त्या भांडणाच्या कथा सांगायचा. "गेल्या शनवारी मी त्याका असो धरलो ना वासू, तोंड उघडूक दिलंय नाय!" सांगताना त्याचे डोळे चमकायचे. माझ्यासमोर बसून ते कधी तसे चमकले नव्हते. पुढे पुढे शुक्रवारही चुकायला लागले. गुडघा दुखतो म्हणायचा. पाळीला जाताना बरा दुखत नव्हता तो गुडघा! मी घरी येऊन बायकोवर चिडचिड करायचो. ती म्हणायची, "सवत आल्यासारखं काय करताय?"

आमची शेवटची भेट म्हापशालाच झाली. पाव बुडवता बुडवता तो थांबला आणि म्हणाला, "वासू, त्या लाल कार्डाचं तुका काय वाटता रे?" मी म्हटलं, "तुका वाटता तेंच." त्याने हातातला पाव बशीत ठेवला. म्हणाला, "माझां सोड. एकान चूक केली तर सगळ्या संघान भोगूक व्हयां, असां मी म्हणतंय. तेवाच शेजारचो शेजारच्याक आवरतलो. तू काय म्हणतंस?" मी म्हटलं, "बरोबर म्हणतंस." तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. "तुका विचारून काय उपयोग," असं म्हणून उठला आणि डिचोलीची बस भरत होती तिच्यात चढला. खिडकीतून हात केला की नाही, ते मला गर्दीत दिसलं नाही.

दत्ता गेल्यावर कारापूरला त्याच्या घरी भेटायला गेलो, तेव्हा विनायक आधीच तिथे, खुर्च्या लावणं, आल्यागेल्याला पाणी देणं, सगळं हाच बघतोय. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. सुमनवहिनी मला आत घेऊन गेल्या. त्यांना माझं तोंड वाचता आलं असावं. म्हणाल्या, "भावजी, पाळीहून आले की त्यांचं डोकं तापलेलं असायचं, जेवण जायचं नाही, येरझारा घालायचे. तुम्हाला भेटून आले की कशी शांत झोप लागायची." केवढ्या मायेने बोलल्या त्या! माझ्या समाधानासाठीच बोलल्या. आणि मला वाटलं, वहिनी, हे नसतं सांगितलंत तर बरं झालं असतं. झोप काय, कोणाच्याही सोबतीत लागते. मला त्या येरझारा हव्या होत्या. माझ्या एखाद्या शब्दाने त्याचं जेवण राहायला हवं होतं... एकदा तरी.

गेल्या शनिवारी विनायकचा फोन आला, सामना आहे, या. जाणार नव्हतो. पण गेलो. बलकांवावर आम्ही दोघंच. सामना रंगात आला आणि एका गड्याला लाल कार्ड मिळालं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "वीस मिनिटांनी दुसरा येऊ दे की! एकाने माती खाल्ली, बाकीच्या चौदांनी काय घोडं मारलंय?" बोललो आणि मीच दचकलो. हे माझं मत होतं, खरं मत, कितीतरी दिवसांचं. दत्ता चुकत होता. पातळभाजीच्या बशीवर हे म्हणायला मला काय झालं होतं? विनायक तर बदलांचाच माणूस. आता टाळी देईल, असं मला वाटलं. तो मान हलवून म्हणाला, "नाय, वासूबाब. एकान चूक केली तर सगळ्यांनी भोगूक व्हयां. तेवाच शेजारचो शेजारच्याक आवरतलो."

"हे तुमचं मत नव्हे," मी म्हटलं. "हे त्याचं."

"होय," तो म्हणाला. डोळे भरले होते, ते पुसलेही नाहीत त्याने. "कोणीतरी बोलूक नको?"

आणि तो बोलायला लागला, दत्ताचे सगळे मुद्दे, दत्ताच्याच क्रमाने, एकही न चुकता. त्याला पाठ होते. मला जन्मभर होय म्हणूनही इतके पाठ झाले नव्हते. शेवटच्या मुद्द्याला त्याने हात उचलला आणि स्वतःच्या मांडीवर थाड्‌कन मारला, जसा दत्ता हातघाईवर आला की मारायचा.

"बोला," मी म्हटलं, "त्याची बाजू घ्या, काय हवं ते बोला. पण मांडी आपटू नका."